मातीचे नमुने

आमच्या वावराची माती आणि काकाजींच्या वावराची माती अगदी एकसारखी आहे, असं सांगणारं सरकारी कार्ड घरी आलं त्या दिवशी मामाजी जेवले नाहीत.

मामाजी म्हणजे माझे सासरे. काकाजी त्यांचे चुलतभाऊ. वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरपासून जीपने थोडं पुढे आमचं गाव आहे. तिथे दोघांची घरं भिंतीला भिंत लागून आणि वावरंही शेजारी शेजारी, मध्ये फक्त धुरा, म्हणजे बांध. आमचं वावर खाली नाल्याकडे उतरतं. उन्हाळ्यात त्या काळ्या मातीला अशा भेगा पडतात की आख्खा हात आत जावा. काकाजींचं वावर वर टेकाडाकडे चढतं आणि चढता चढता माती पातळ होत शेवटी मुरूम उघडा पडतो. वाटणीत आपल्याला काळी आली आणि भावाला मुरमाड, ही मामाजींच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट. त्यात त्यांचं स्वतःचं कर्तृत्व काही नव्हतं, पण अभिमानाला कर्तृत्व लागतंच असं नाही.

आणि आता कार्डावर दोघांचे आकडे तेच. नत्र तेच, स्फुरद तेच, पालाश तेच.

"जेवून घ्या," मी म्हटलं.

"भूक नाई मले."

"राहू दे त्याहिले," सासूबाई आतून म्हणाल्या. "माती खाऊन राह्यले सध्या."

मला यातलं गुपित ठाऊक होतं, कारण ते गुपित नव्हतंच. उन्हाळ्याच्या तोंडाला एक तरुण कर्मचारी मोटरसायकलवर आला होता. त्याच्या मोबाइलमध्ये सगळ्या शिवाराचे मोठमोठे चौकोन पाडलेले होते आणि एका चौकोनातून एक नमुना घ्यायचा होता. आमची काळी आणि काकाजींचा मुरूम एकाच चौकोनात पडले. त्या चौकोनात मोटरसायकल जिथपर्यंत जाऊ शकत होती, ती जागा म्हणजे दोघांच्या मधला धुरा. त्यानं तिथेच गाडी लावली, धुऱ्याच्या कडेला लोखंडी खुरपीनं टोकरलं, मूठभर माती पिशवीत टाकली आणि मोबाइलवर फोटो काढला. त्या फोटोत मामाजी आहेत. फोटो निघतो आहे म्हटल्यावर ते घरी जाऊन टोपी घालून आले होते. म्हणजे ज्या धुऱ्यावर कधी काही पेरलंच नाही, जिथे दोन्हीकडचे लोक निंदलेलं गवत फेकतात, त्या धुऱ्याच्या मातीला टोपी घालून साक्षीदार उभे राहिले ते हेच.

त्या कर्मचाऱ्याला मी फार दोष देत नाही. त्याच्याकडे गावं पुष्कळ होती, दिवस थोडे होते आणि ऊन वाशीमचं होतं. पण मामाजींना हे कोण सांगणार? त्यांच्या मते धुऱ्यावरून त्यांच्या मातीचा कस काकाजींकडे, म्हणजे चढाकडे, वाहून गेला होता.

दोन-तीन दिवसांनी त्यांनी जाहीर केलं की ते स्वतः माती तपासणार, वाशीमला, खाजगी प्रयोगशाळेत.

मी शिरपूरच्या शाळेत विज्ञान शिकवते. मातीचा नमुना कसा घ्यावा हा भाग मी दरवर्षी फळ्यावर शिकवते. चौकोन काढायचा, त्यात नागमोडी रेघ, रेघेवर टिंबं, प्रत्येक टिंबापाशी खड्डा. खडूनं ते फार सोपं जातं. म्हणून मी मामाजींना म्हटलं, वावरभर फिरून ठिकठिकाणची माती घ्यायची, मिसळायची आणि त्यातली थोडी न्यायची. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग घमेलं घेऊन वावरातल्या गोठ्याकडे गेले आणि जिथे मागच्या वर्षीपर्यंत उकिरडा होता तिथे खणायला लागले.

"मामाजी, इथली नको. इथे तर सगळं शेणखतच आहे."

"मंग कुठली नेऊ?"

"सगळीकडची."

त्यांनी कुदळ टेकवली आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "देवाले निवद दाखवतू आपुन. तवा करपलेली पोई ठेवतू का ताटात?"

याला विज्ञानात उत्तर नाही. मातीचा नमुना त्यांच्या हिशेबी नैवेद्य होता, आणि प्रयोगशाळेतला माणूस देव. सासूबाईंनी जुन्या धोतराची पिशवी शिवून दिली, तीत ती भुसभुशीत, काळीभोर, वास येणारी माती भरली गेली.

वाशीमला मलाही काम होतं म्हणून मी सोबत निघाले. जीपमध्ये बसतो तर समोरच्या सीटवर काकाजी, मांडीवर खताच्या रिकाम्या गोणीचा कापलेला तुकडा, त्यात काहीतरी गुंडाळलेलं.

"कुठं निघाले?" मामाजींनी विचारलं.

"जरासं काम होतं वाशीमले."

"कायचं?"

"तुमचं कायचं?"

मग दोघंही बाहेर पाहत बसले. दोघांच्या मांडीवर माती, आणि जीपमधल्या सगळ्यांना ती दिसत होती.

काकाजींचा विचार मामाजींच्या बरोबर उलटा होता, हे मला त्यांच्या मुलानं नंतर सांगितलं. त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं की जमीन खराब निघाली तर सरकार काहीतरी देतं. काय देतं, कोणाला देतं, हे सांगणाऱ्यालाही माहीत नव्हतं. पण मिळालंच तर आपण मागे नको, म्हणून त्यांनी विहिरीजवळच्या पांढरट पट्ट्यातली माती घेतली, जिथे गवतसुद्धा विचार करून उगवतं. आणि ती भरली खताच्या गोणीत, ज्या गोणीच्या कोपऱ्यांत खताचे दाणे अजून चिकटलेले होते.

प्रयोगशाळेत टेबलामागे एक माणूस होता. त्यानं दोन्ही पिशव्या घेतल्या आणि न पाहता विचारलं, "किती ठिकानची माती आहे ही?"

"साऱ्या वावराची," मामाजी म्हणाले.

"माही बी साऱ्या वावराची," काकाजी म्हणाले.

त्या माणसाच्या डोक्यामागे भिंतीवर मोठं चित्र लावलेलं होतं. चौकोन, नागमोडी रेघ, रेघेवर टिंबं. मी ते चित्र पाहत उभी राहिले. त्या माणसानं दोघांचं म्हणणं लिहून घेतलं. त्याचं यंत्र चांगलं होतं, त्यात शंका नाही. त्याच्यापुढे जे ठेवाल ते ते बरोबर मोजायचं. आमच्याकडून त्यानं उकिरडा मोजला आणि काकाजींकडून खताची गोणी.

निकाल आले. मामाजींच्या मातीत सेंद्रिय कर्ब अत्यंत जास्त, स्फुरद अत्यंत जास्त, पालाशही तसंच. खाली शिफारस: रासायनिक खताची मात्रा निम्म्याहून कमी करावी. काकाजींची माती खारवट निघाली, आणि वर स्फुरद भरपूर. म्हणजे एकाच वेळी रोगी आणि खादाड. हे कसं, असं प्रयोगशाळेतल्या माणसानं विचारलं नाही आणि काकाजींनीही नाही. ते खुश होते. वाईट हवं होतं, वाईट आलं.

मामाजींनी आपला कागद प्लास्टिकमध्ये घालून घेतला. सकाळी देवळाच्या ओट्यावर, दुपारी पानटपरीवर, संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर तो त्यांच्यासोबत असायचा. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना ते वाचून दाखवत. ज्यांना येत होतं त्यांनाही दाखवत. पुढे आमच्या गावात शेतकऱ्यांचा एक मेळावा झाला, त्यात त्यांचा नारळ-शाल देऊन सत्कार झाला आणि मातीचा कस कसा राखावा यावर दोन शब्द बोलायची विनंती झाली. ते दोन शब्द बराच वेळ चालले. "माती म्हंजे माय हाये," तिथून सुरुवात झाली. सगळं भाषण त्यांनी गोठ्याशेजारच्या एका घमेल्याच्या जोरावर केलं, आणि लोक माना हलवत होते. मला सगळ्यांत नवल याचं वाटलं की एव्हाना त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता. कुदळ कुठे मारली होती हे ते खरोखर विसरले होते.

विश्वास बसला म्हणूनच त्यांनी शिफारस पाळली. पेरणीला खत नावालाच टाकलं. "माह्या जमिनीले काय गरज?"

सोयाबीन उगवलं तोवर बरं होतं. श्रावणात त्याची कळा जायला लागली. पानं फिकी, झाडं बुटकी, वाढ थांबल्यासारखी. फक्त गोठ्याभोवती एक हिरवंगार वर्तुळ होतं, कमरेइतकं उंच, इतकं ठळक की टेकाडावरून पाहिलं तर कुणीतरी ताटात चटणी वाढल्यासारखं दिसायचं. मामाजी पाहुण्यांना त्या वर्तुळातच उभं करून वावर दाखवायचे. बियाणं खराब निघालं असं सांगायचे. मग पाऊस कमी झाला असं सांगायचे. धुऱ्यापलीकडे तोच पाऊस काकाजींच्या सोयाबीनवर पडला होता आणि ते मुरमावरही ठीक होतं. त्याबद्दल ते काही सांगत नसत.

माझा नवरा अकोल्याला नोकरीला. तो शनिवारी यायचा, वावर पाहायचा आणि म्हणायचा, "बाबाले तू समजावून सांग, तू विज्ञानवाली आहेस." सोमवारी सकाळी परत जायचा.

सोयाबीन निघालं आणि हरभऱ्याच्या पेरणीआधी वावरं मोकळी झाली, तेव्हा काकाजींच्या मुलाला पाहायला पाहुणे आले. मुलगा तिशी ओलांडलेला, पदवी घेतलेला, शेतीच करणारा, बोलायला मोजका. मुलीचे वडील आणि मामा कामरगावकडून आले होते. चहापोहे झाले, घर पाहून झालं, मग मामा म्हणाला, वावरही पाहू. मामाजींना कुणी बोलावलं नव्हतं, पण भावाच्या घरचं कार्य म्हणून ते पुढे झाले. धुऱ्यावर उभे राहून त्यांनी हातानं सगळं शिवार दाखवलं आणि म्हणाले, "जमीन जराशी खारट हाये. रिपोर्टच आला तसा. पन पोरगं लय चांगलं हाये."

मुलीच्या मामानं रिपोर्ट मागितला. काकाजींकडे तो होताच, इतके दिवस जपून ठेवलेला, सरकारला दाखवायला. सरकारच्या आधी तो होऊ घातलेल्या व्याह्यांना दाखवावा लागला. मामानं वाचला, घडी घातली, परत दिला. "कळवतो," म्हणाला.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी मामाजींसमोर ताट ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या जिभेले बी एकडाव तपासाले पाठवा वाशीमले."

मामाजी म्हणाले, "म्या खोटं बोललो का? कागदावर हाये."

"तुमच्या बी कागदावर हाये. वावरात दाने किती झाले थे सांगा."

मामाजींनी ताट पुढे ओढलं. त्या दिवशी मात्र जेवले.

दुसऱ्या दिवशी काकाजी आणि त्यांचा मुलगा आमच्या ओट्यावर आले. काकाजी खांबाला टेकून बसले. मुलगाच बोलला. "वहिनी, माती नीट कशी घेतात थे एकदा करून दाखवा. आमच्या बी वावरात आन तुमच्या बी. या दोघायच्या समोर."

"माह्या कायले पाह्यजे?" मामाजी आतून म्हणाले.

"सोयाबीन कसं झालं तुमचं?" मुलानं विचारलं. त्यात चेष्टा नव्हती, म्हणून ते जास्त लागलं असावं. मामाजी बाहेर आले आणि चपला घालायला लागले.

रविवारी आम्ही वावरात उतरलो. फळ्यावरचा चौकोन आणि खरा चौकोन यात इतकाच फरक होता की फळ्यावर ढेकळं नसतात. नागमोडी चालायचं, थांबायचं, वरचा काडीकचरा बाजूला करायचा, एक वीतभर खोल इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करायचा आणि त्याच्या कडेची पातळ चकती वरपासून खालपर्यंत खरवडून घमेल्यात घ्यायची. लोखंडाचा गंज मातीत जाऊ नये म्हणून काकाजींच्या मुलानं बांबूची पट्टी तासून आणली होती. काही खड्ड्यांतच माझी कंबर बोलायला लागली आणि पट्टी त्यानं घेतली. मी शिकवायचं काम ठेवलं, ते मला येतं.

खरी गंमत दोघा म्हाताऱ्यांची. दोघांनाही वाटत होतं की दुसरा चोरी करेल, म्हणून दोघंही सोबत चालत होते.

"हितं नको घेऊ," मामाजी नाल्याच्या बाजूला म्हणाले. "हितं पानी साचते."

"काहून नको?" काकाजी म्हणाले. "थे बी तुमचंच वावर हाये ना?"

पाणी साचतं त्या जागेची पिशवी वेगळी केली. गोठ्याभोवतीचं वर्तुळ सोडून दिलं, तेव्हा मामाजींनी एकदा मागे वळून पाहिलं, घरातलं माणूस गाडीत बसायचं राहून गेल्यासारखं. धुऱ्याच्या जवळची सोडली, झाडाच्या सावलीतली सोडली. पलीकडे काकाजींच्या वावरात त्यांना विहिरीजवळचा पांढरा पट्टा लपवायचा होता, आणि मामाजी त्याच्यावरच जाऊन उभे राहिले. "हितली काहून नाई?" त्याचीही वेगळी पिशवी झाली. खालची आणि वरची माती रंगानंच निराळी, म्हणून त्याही वेगळ्या. एकमेकांवर पाळत ठेवल्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा दोघं सारखेच प्रामाणिक वागले.

मग फारीवर, म्हणजे ताडपत्रीवर, माती ओतली, ढेकळं फोडली, मिसळली, गोल पसरून चार भाग केले. समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे, उरलेली पुन्हा मिसळायची, पुन्हा चार भाग, पिशवीपुरती उरेपर्यंत.

"फेकलेल्या भागात चांगली माती गेली," मामाजी म्हणाले.

"मिसळली आहे, मामाजी. सगळीकडे सारखीच आहे."

"मले दिसून राह्यली ना."

सावलीत वाळवायला माती आमच्या पडवीत पसरली. सासूबाईंनी कोंबड्या राखल्या. पिशव्यांवर नावं काकाजींच्या मुलानं लिहिली, दोघांच्या देखत, आणि दोघांनी ती मोठ्यानं वाचून घेतली.

निकाल मी आणि तो मुलगा घेऊन आलो. मामाजींच्या काळ्या मातीत कर्ब कमी, स्फुरद कमी, गंधक कमी. पालाश तेवढं चांगलं. काकाजींच्या खालच्या अर्ध्या वावरात कर्ब मध्यम, म्हणजे आमच्यापेक्षा बरा. वरच्या मुरमात सगळंच बेताचं. क्षार फक्त त्या विहिरीजवळच्या पिशवीत, बाकी कुठेच नाही.

मामाजींनी कागद दोनदा वाचला. "पिशव्या तं नाई बदलल्या?"

"तुमच्यासमोर नाव लिवलं, मोठेबाबा," मुलगा म्हणाला.

"मंग त्याच्या जमिनीत कर्ब कुठून आला?"

ते कोडं नव्हतं. काकाजी दरवर्षी उन्हाळ्यात लेंडीखतासाठी वावरात मेंढ्या बसवतात आणि मळणीनंतरचं कुटार, म्हणजे भुसा, मातीतच घालतात. मामाजींना वावर लख्ख लागतं. ते कुटार विकतात आणि धसकटं पेटवतात. वर्षानुवर्षं ते आपली काळी माती अशी झाडून-पुसून ठेवत आले होते, पाहुणे यायचे आहेत अशी. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मेंढ्यायचा वास येते," आणि उठून गेले.

पण दोन दिवसांनी ते धुतलेलं धोतर नेसून काकाजींच्या दारात उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "चाल, कामरगावले जाऊ." चूक झाली वगैरे काही नाही. ते शब्द त्यांच्या जमिनीत उगवत नाहीत. दोघं भाऊ नवे रिपोर्ट घेऊन गेले. तिथे काय झालं ते मला काकाजींनी सांगितलं.

मुलीच्या वडिलांनी चहा दिला, कागद शेवटपर्यंत वाचले. म्हणाले, "जमीन चांगलीच हाये. थे तं आमी त्या दिवशीच पाह्यलं."

"मंग अडलं काय?" मामाजींनी विचारलं.

"पोरगा वावरातच राह्यन ना. आमच्या पोरीले पुन्याचा नोकरीवाला पाह्यजे."

"मंग त्या दिवशी रिपोर्ट कायले मांगला?"

"पाहाले आलं म्हंजे काहीतरी इचारा लागते ना, भाऊ."

मुलीचे वडील स्वतः शेतकरीच. त्यांच्या ओसरीत तुरीची पोती लागलेली होती. हे सांगताना काकाजी हसले, पण ते हसू काही मला पाहवलं नाही. येताना जीपमध्ये मामाजी एकदम म्हणाले की गंधकाचा आकडा चुकीचाच असला पाहिजे, आणि गावापर्यंत दोघं त्यावर भांडत आले.

पुढच्या हंगामात मामाजींनी खत नव्या कागदाप्रमाणे टाकलं. सोयाबीन सगळीकडे सारखं आलं, फार उंच नाही, पण सारखं, आणि गोठ्याभोवतीचं वर्तुळ शोधावं लागलं. उन्हाळ्यात आमच्या वावरात मेंढ्याही बसल्या होत्या. मामाजी त्या दिवसांत वावरात गेले नाहीत, वासाचं कारण सांगून. जुना प्लास्टिकमधला कागद मात्र अजून त्यांच्या पेटीत आहे. नवा कुठे आहे विचारलं तर माझ्याकडे बोट दाखवतात.

काकाजींच्या मुलाचं लग्न अजून जमलं नाही. मानोऱ्याकडचं एक स्थळ आलं होतं, त्यांनी जमिनीबद्दल काही विचारलंच नाही, नोकरीचं विचारून उठले. बांबूच्या पट्टीमुळे मात्र त्याचं नाव झालं आहे. आजूबाजूच्या गावांतून लोक त्याला माती घ्यायला बोलावतात. तो वावराच्या एका टोकापासून चालायला लागतो आणि मालक मागून सांगतो, तिकडची नको, त्या कोपऱ्यातली घे, तिथे आमची लय मस्त येते. तो वाद घालत नाही. पट्टी खाली ठेवतो, ढेकळावर बसतो आणि मालक कंटाळण्याची वाट पाहतो. बहुतेक मालक कंटाळतात. जो कंटाळत नाही त्याला तो त्याच्या आवडीच्या कोपऱ्यातली माती भरून देतो आणि सांगतो, "पिशवी तुमीच घेऊन जा वाशीमले, आन माती कोनं काढली थे सांगू नका."